बारीक काय ता सांग

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, पण सगळ्यात कमी विश्वास होता तो ‘बरी आहे’ म्हणणाऱ्या माणसावर. वायरमन, पुढारी, हवामानाचा अंदाज आणि पिशवीतलं दूध यांच्यावरचा त्यांचा अविश्वास साधा, घरगुती होता. ‘बरी आहे’ ऐकलं की मात्र त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणायच्या, “पायऱ्या दाखवा.”

निवृत्त होईपर्यंत त्या हायस्कूलला गणित शिकवत होत्या. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला त्या गुण देत नसत, उत्तर बरोबर असलं तरी. शाळा सुटून कितीतरी वर्षं झाली, पण ही सवय सुटली नाही. सगळं कट्टा गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणत आले. एरवी त्या मालवणी बोलत. संशय आला की प्रमाण मराठी. त्यामुळे बाईंच्या तोंडून एखादं शुद्ध वाक्य बाहेर पडलं की खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, बसलेली माणसं सावरून बसायची. ज्याला त्याला वाटायचं, आता आपली वही तपासली जाणार.

बाई जाऊन आता काही महिने झाले. त्या फार चांगल्या होत्या असं मी इथे लिहिणार नाही. मला तशी खात्री नाही, आणि त्यांनाही ते पटलं नसतं.

यजमान गेल्यावर मी सावंतवाडीचं घर सोडलं आणि कट्ट्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी धरली. सावंतवाडीत तळ्याकाठी संध्याकाळी फिरणारी सगळी माणसं ओळखीची होती. समोर आली की चालण्याचा वेग कमी करायची, चेहरा पाडायची. त्या चेहऱ्यांना कंटाळून मी निघाले. माझा भाऊ कोल्हापूरला असतो. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. “मेपर्यंत बघ,” तो म्हणाला. “नाही जमलं तर टेम्पो घेऊन येतो आणि तुला सामानासकट उचलून आणतो.” त्याच्या मुलाने माझ्यासाठी आपली खोली रिकामी करायचीही तयारी दाखवली होती. माझी माणसं चांगली आहेत, हीच माझी अडचण होती. एकदा त्या खोलीत गेले की उरलेलं आयुष्य ‘सांभाळलेली आत्या’ म्हणून काढावं लागेल, हे मला दिसत होतं. आणि इथे एकटीने राहणं मला जमेल, असंही वाटत नव्हतं. दर रविवारी भाऊ फोन करायचा. मी म्हणायचे, “बरी आहे.” तो म्हणायचा, “नक्की?” मी म्हणायचे, “नक्की.” दोघांनाही ते खोटं वाटायचं आणि फोन संपायचा.

बाईंकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा त्या खळ्यात फणसाच्या आठळ्या मातीत घोळवत बसल्या होत्या. मला त्यांनी पायापासून वर बघितलं.

“एकटीच?”

“हो.”

“घो?”

“गेले. मागच्या वर्षी.”

त्या ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. एक आठळी नीट माखून बाजूला ठेवली. “नि तू बरी आसस?”

“बरी आहे.”

चष्मा खाली आला. “पायऱ्या दाखवा.”

मला काही कळलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “भाड्याचां मागसून बोलया. अट एकच. तिनसानाक मी तुळशीकडे दिवो लावतंय, तेव्हा हयसर येवन उभी रवूचां. नि दिसभरात जां काय खुपलां, ता एक सांगूचां. बारीक. मोठां नको.”

“का?”

“माका ऐकाक आवडता,” बाई म्हणाल्या.

हे उत्तर मला आवडलं नाही. लोकांच्या घरात काय चाललंय हे ऐकायला आवडणारी माणसं मी सावंतवाडीत पुरेशी पाहिली होती. त्यात बस स्टॉपवर एकीने मला सांगून टाकलं की, आधीचा भाडेकरू, पतपेढीतला एक तरुण, दुसऱ्याच महिन्यात पळाला. “ती बाई रोज जबानी घेता,” असं तो म्हणायचा म्हणे. पण दुसरी खोली मिळत नव्हती, आणि या खोलीला वेगळं दार होतं.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. जत्रा असो, शिमगा असो, नाहीतर नवं घर असो, गुरव किंवा घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मांडतो. बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. मागणं मोठंच असतं. पोराला नोकरी, सुनेला मूल, शेताला पाऊस. बाईंचं गाऱ्हाणं रोजचं होतं, बाईमाणसाने घातलेलं होतं आणि त्यात मोठ्या गोष्टीला बंदी होती. ते त्या घालत जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. बाईंच्या मते तो तुळशीमागे, विहिरीच्या आसपास कुठेतरी असे आणि त्याला कमी ऐकू येई.

पहिल्या संध्याकाळी मी सांगितलं की चपलेचा अंगठा निसटतोय. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. बाईंनी पणती लावली, पदर खांद्यावर घेतला आणि घसा साफ केला.

“बा जागेवाल्या म्हाराजा…”

त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी ओशाळून म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

“आज ह्या पोरीच्या चपलेचो अंगठो निसाटलो रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“दिसभर ती पाय ओढीत चलली, नि कोणाक बोलली नाय…”

“व्हय म्हाराजा.”

“तर उद्या बाजारात तो चांभार तिच्या नजरेक पडांदे, नि तिका तेच्याकडे थांबाची बुद्धी होवंदे रे म्हाराजा.”

चाळिशी उलटलेली मी बाई, आणि स्वतःच्याच चपलेला होकार भरत होते. माझी चेष्टा चाललीय का, हे त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. पणतीच्या उजेडात काही कळलं नाही. मग त्यांनी स्वतःचं घातलं. चष्म्याला एक डाग दिसतो, पुसला तरी जात नाही. डाग काचेवर आहे की डोळ्यात, हे बघायचं भय वाटतं. तेही त्यांनी तशाच कोरड्या आवाजात सांगितलं आणि मला घरात पिटाळलं.

त्या मोठं का घेत नाहीत, हे मी पुढे एकदा विचारलं. “मोठां दुख्ख तेका म्हायत आसता गो,” बाई म्हणाल्या. “तेच्याच हातसून झालेलां आसता ता. बारीक तेका दिसना नाय. ता आपण दाखवूक व्हयां.”

त्या माझा कचरा तपासायच्या, हे मला आठवड्याभरात कळलं. खतासाठी वेगळा करते असं सांगायच्या. “काल जेवलंस नाय,” असं सकाळी म्हणायच्या. “केळ्याची साल बोलता.” माझ्याकडे कुणाचं पत्र, कुणाचा फोन, रविवारी मी फोनवर बोलताना आत का जाते, सगळ्यावर त्यांची नजर. मीही त्यांच्यावर नजर ठेवली. माझी ही बारीकसारीक दुखणी त्या कुणाकुणाला वाढून देतात, याचा मला शोध घ्यायचा होता. कोण येतं, कुणाजवळ बाई हळू आवाजात बोलतात, हे मी खिडकीच्या गजांतून पाहायची. अशा दोन संशयी बायका एका छपराखाली राहत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही माय-लेकीसारख्या दिसत असू.

बाईंच्या खळ्याच्या कडेने एक गडगा आहे. माती न लावता नुसते दगड रचून केलेलं छातीएवढं कुंपण. त्याच्या पलीकडे बाईंच्या यजमानांचे एक चुलत भाऊ राहत. बाई त्यांचं नाव घेत नसत, ‘पलीकडचो’ म्हणत. फार पूर्वी एका पावसात गडगा कोसळला आणि पुन्हा रचताना तो वीतभर इकडे सरकला, असं बाईंच्या यजमानांचं म्हणणं. पलीकडच्यांचं म्हणणं, तो तिथेच होता. त्यावर कोर्टात तारखा पडल्या, दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले, बाईंचे यजमान गेले, पलीकडच्यांची बायको गेली. दावा कुठे बुडाला ते कुणालाच माहीत नाही. बोलणं मात्र बंद ते बंदच. सगळ्यांशी बोलणाऱ्या आणि सगळ्यांना बोलतं करणाऱ्या बाई या एका माणसाशी एक अक्षर बोलत नसत.

“रातसून दगड काढता तो,” बाई सांगत. “माका पुरो संशय आसा.” म्हणून अधूनमधून सकाळी त्या चुन्यात बुडवलेला काथ्या घेऊन गडग्याकडे जात आणि दगडादगडावर पांढरी रेघ ओढून येत. रेघ मोडली की दगड हलला. एकदा त्यांनी मला हाताला धरून नेलं. मधला एक दगड खरंच गेला होता. तिथे नारळाएवढं भोक पडलं होतं.

“बघ. मी म्हणा होतंय काय नाय?”

“मग कुणाला तरी बोलावून बुजवून घेऊ या का?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तो पुरावा आहे. पुराव्याला हात लावत नाहीत.”

भोक तसंच राहिलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी माझा होकार भरला आणि माझ्यामागून, किंचित उशिराने, आणखी एक ‘व्हय म्हाराजा’ आला. जाड, खालच्या पट्टीतला. मी दचकून बाईंकडे पाहिलं.

“पडसाद,” बाई म्हणाल्या आणि गाऱ्हाणं पुढे चालू केलं.

त्या उघड्या खळ्यात पडसाद कधीच उठत नसे. पण मी वाद घातला नाही. बाईंना ऐकू येऊनही त्या लपवत आहेत, एवढी नोंद मनात ठेवली.

मग दुधाचं झालं. एका संध्याकाळी मी सांगितलं होतं की, अर्धा लिटरची पिशवी एकट्या माणसाला संपत नाही. दोघांच्या चहाचं माप हातात बसलंय, ते कमी करता येत नाही, आणि उरलेलं नासलं की मोरीत ओतताना कुणी बघत तर नाही ना, असं वाटतं. दोन-चार दिवसांनी कट्ट्याच्या बाजारातला दुकानदार मला म्हणाला, “मॅडम, पाव लिटरची पिशवी मागवूक लागलंय. तुमच्यासाठी बाजूक ठेवतलंय.”

माझे कान तापले. पिशवी घेतली नाही. तशीच घरी आले आणि खळ्यातच विचारलं, “बाई, माझं दूध तुम्ही कुणाला सांगितलंत?”

बाई सुपारी कातरत होत्या. “गाऱ्हाण्यातलां भायर जायत नाय.”

“मग दुकानदाराला कसं कळलं?”

“तेका इचारलंस?”

“नाही.”

“मगे माका कित्याक इचारतस? पायऱ्या गाळून उत्तर काढतस.” एवढं बोलून त्यांनी एकदाच गडग्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारीकडे वळल्या.

मी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं. तो सहज म्हणाला, “तुमच्या शेजारचे तात्या. साखर घेवक इल्ले, तेव्हा म्हणाले.” मला हायसं वाटलं नाही. त्या पलीकडच्या म्हाताऱ्याने गडग्याआडून माझं ऐकावं, आणि बाजारात बोलावं. चांगल्यासाठी केलं म्हणावं, तर तो माणूस मला कधी साधं हसलाही नव्हता. पिशवी मात्र मी घेऊ लागले. पाव लिटर पुरतं.

पावसाळा संपता संपता पलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. दिवसा, संध्याकाळी, केव्हाही. असा चार-सहा दिवस चालला. एका तिन्हीसांजेला बाईंनी माझं काही विचारलंच नाही. पणती लावली आणि नेहमीपेक्षा चढ्या आवाजात, तुळशीकडे पाठ करून, गडग्याच्या तोंडावर सुरू केलं.

“बा जागेवाल्या म्हाराजा, शेजारच्या घरात कोण एक खोकता…”

“व्हय म्हाराजा,” मी चाचरत म्हणाले.

“तेच्या खोकल्यान माका दुपारची झोप नाय रे म्हाराजा. दाक्तर हाकेच्या अंतरार बसता, पण मेल्याचो पाय उचालना नाय…”

“व्हय म्हाराजा.”

“तर तेका उद्या सकाळी रिक्षेत घाल, नि माझी झोप माका परत दी रे म्हाराजा.”

पलीकडे एकदम शांत झालं. खोकलासुद्धा कुणी दाबून धरावा तसा थांबला. मला वाटलं, इतकी वर्षं साठलेलं विष आज बाहेर पडलं. घरात आल्यावर बाईंना म्हणाले, “आजारी माणसाला असं बोलावं का?”

“मी तेका खंय बोललंय? मी देवाक सांगितलां. माझी झोप, माझां गाऱ्हाणां.”

सकाळी पलीकडच्या दारात रिक्षा उभी होती.

हिवाळ्यात माझा एक दिवस फार वाईट गेला. कारण असं काही नव्हतं. ग्रंथालयात एक पुस्तक परत आलं, यजमानांनी आजारपणात अर्धं वाचून सोडलेलं तेच पुस्तक. मी ते नोंदवून कपाटात ठेवलं आणि दिवसभर काम केलं. संध्याकाळी तुळशीपाशी आल्यावर मला बारीक काही सुचेना. मी म्हणाले, “बाई, ते नाहीत. मला हेच खुपतंय. रोज हेच खुपतं. तुमची चप्पल नि दूध पुरे झालं.”

बाईंनी काडी विझवली. “ह्यां मोठां. ह्यां तेका ठावक आसा. बारीक काय ता सांग.”

मी रागाने खोलीत गेले आणि दार लावलं. भावाला आत्ताच फोन करावा, टेम्पो मागवावा, मेपर्यंत कशाला थांबायचं, असं मनात आलं. फोन हातात घेतला. समोर पलंगावर मच्छरदाणी लोंबत होती. तीन कोपरे ताठ, चौथा ढिला. सावंतवाडीच्या घरातही तीन कोपरे मीच बांधायची. चौथी खुंटी उंच होती, तिथे माझा हात पुरत नसे. ती दोरी ते बांधायचे. इथे आल्यापासून मी तो कोपरा उशीखाली दाबून झोपत होते, आणि डास चावले की उठून बसत होते. मी फोन ठेवला, दार उघडलं आणि बाहेर आले. बाई तिथेच उभ्या होत्या. पणती अजून लावली नव्हती.

“मच्छरदाणीची एक दोरी मला बांधता येत नाही,” मी म्हणाले. “हात पोचत नाही.”

बाईंनी माझ्याकडे न बघता पणती लावली.

“बा जागेवाल्या म्हाराजा, हिच्या मच्छरदाणयेचो एक कोपरो ढिलो रवता…”

मला होकार भरता येईना. गडग्यापलीकडून आला. “व्हय म्हाराजा.” या वेळी बाई ‘पडसाद’ म्हणाल्या नाहीत.

सकाळी माझ्या दाराशी एक लाकडी स्टूल होतं. दोरी बाईंनी बांधून दिली नव्हती. स्टूल कुणी ठेवलं हे विचारलं तर म्हणाल्या, “माका काय म्हायत? तुझो संशय कोणार?” ते स्टूल बाईंच्या घरातलं नव्हतं, एवढं मला नक्की माहीत आहे. त्यांच्या घरातली एकेक वस्तू मी तोवर तपासून ठेवली होती.

आंबे मोहरले तेव्हा बाई आजारी पडल्या. छातीत पाणी झालं होतं. त्यांचा मुलगा गोव्यात नोकरीला, तो रजा काढून आला आणि आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. दुपारी तो जेवायला गेला की मी बसायची. एकदा विचारलं, “बाई, कसं वाटतंय?”

“बरी आसंय.”

मीही माझा चष्मा त्यांच्यासारखा नाकाच्या शेंड्यावर आणला. “पायऱ्या दाखवा.”

बाईंना हसू आलं आणि त्याने धाप लागली. जरा वेळाने म्हणाल्या, “ह्या खाटीवरसून दार दिसना नाय. कोण इलो, कोण गेलो, कायच कळना नाय.”

मी परिचारिकेला विचारून खाट फिरवून घेतली. बाई दाराकडे बघत पडून राहिल्या. मग म्हणाल्या, “नि एक आसा. तो पलीकडचो तिनसानाक गडग्याकडे येवन बसता. इतकी वर्सां बसता. आज गाऱ्हाणां नाय म्हणान तेका कोणी सांगूक नाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“गणिताची बाई मी,” त्या म्हणाल्या. “दगड एक गेलो, नि गेलो तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीर. ह्याका काय पायऱ्यो दाखवूक व्हयो?”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“बोललंय आसतंय तर तेका उठान जावचां लागला आसता.”

त्या संध्याकाळी परत आल्यावर मी गडग्याशी गेले. भोकातून एक खांदा दिसत होता. वरून डोकावलं, तर पलीकडे चपटा दगड मांडून ते बसले होते. त्या दगडावर चुन्याची जुनी रेघ होती. मी म्हणाले, “तात्या, आज गाऱ्हाणं नाही. बाई दवाखान्यात आहेत.”

“ठावक आसा,” ते म्हणाले. पण उठले नाहीत. थोड्या वेळाने, जणू दगडाला विचारावं तसं विचारलं, “जेवता काय ती?”

“पेज घेतात.”

“मीठ कमी घालतत थंय. तिका मीठ लागता.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना हा निरोप दिला. बाई म्हणाल्या, “तेचो माका संशय आसाच.” कसला, ते सांगितलं नाही. त्याच आठवड्यात, एका सकाळी, दाराकडे तोंड असतानाच त्या गेल्या.

सुतक होतं तोवर तुळशीत दिवा नव्हता. तेराव्यानंतर मुलगा जाताना म्हणाला, “रवशात तर रवा. घराक माणूस व्हयां. पण तुमचां तुमी बघा.” मी खोक्यांत पुस्तकं भरायला घेतली होती. भावाने टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं. बाई नसलेल्या त्या घरात मला एकटीला जमणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून राहिले. अंधारत आलं, तरी उठले नाही. दिवा मी का लावावा, मी कोण त्या घराची? पलीकडे कुणी घसा साफ केला. मग तो जाड आवाज आला, सवय नसलेला, अडखळणारा.

“बा जागेवाल्या म्हाराजा…”

कुणी होकार भरेना. आवाज थांबला. मी वाट पाहिली, तोही वाट पाहत होता.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“ह्या घरातलो दिवो लागलो काय मी भाताचो टोप चुलीर ठेवतंय…”

“व्हय म्हाराजा.”

“आज दिवो दिसाक नाय. वेळ समाजली नाय. आजून चूल पेटाक नाय रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“तर काय ता बघ रे म्हाराजा.”

हे ते देवाला सांगत होते की मला, हे मी आजही सांगू शकत नाही. मी उठले. काडेपेटी दमट झाली होती, काड्या वाया गेल्या. शेवटी पणती लागली. पलीकडे चपला फरफटत गेल्या आणि थोड्या वेळाने धूर दिसला.

रविवारी भावाचा फोन आला. “कशी आहेस?”

“काडेपेटी दमट होते,” मी म्हणाले. “स्टुलावर चढून दोरी बांधताना भीती वाटते. पडले तर कुणाला कळेल, असं वाटतं. ग्रंथालयाच्या किल्ल्या मी दोनदा-तीनदा चाचपते.”

“म्हणजे तू बरी नाहीस.”

“नाही.”

“मग टेम्पो कधी पाठवू?”

“नको पाठवू. मी इथेच राहते. तुझं सांग. बारीक काय ते.”

“माझं काय? मी बरा आहे.”

“पायऱ्या दाखव.”

त्याला वाटलं, मी भ्रमिष्ट झाले. पण फोन ठेवण्याआधी त्याने सांगितलं की जिना चढताना गुडघा दुखतो आणि घरात कुणाला बोललेला नाही. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले नाही. त्याला ते कळलं नसतं.

मी अजून त्या खोलीतच राहते. तिन्हीसांजेला दिवा लावते. कधी गाऱ्हाणं मी घालते, कधी ते. समोरासमोर आलो तर तात्या मान खाली घालून निघून जातात, आणि मीही बोलत नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी मी चुन्यात काथ्या बुडवून गडग्याकडे जाते आणि बाईंसारखीच दगडादगडावर रेघ ओढते. भोकाच्या कडेने जरा जपून. परवा पाहिलं, तर भोकाशेजारच्या दगडाची रेघ मोडली होती. भोक थोडं मोठं झालं आहे. त्यांचे कान आता कमी ऐकत असावेत. तरी माझा संशय आहेच. मी पुन्हा रेघ ओढली, आणि त्या संध्याकाळपासून जरा मोठ्याने बोलू लागले.